सोड म्हणजे काय

त्या क्वार्टरमध्ये माझ्या आधी तीन बायका नांदून गेल्या होत्या. दचकू नका, माझा नवरा पहिल्यापासून माझ्या एकटीचाच. तिघींचे नवरे वेगवेगळे होते, पण तिघेही एकाच फुटबॉल टीमचे मास्तर. टीम हरली की मास्तर बदलायचा, मास्तर बदलला की क्वार्टर रिकामं, आणि दोन दिवसांत नवी बाई ट्रंक घेऊन दारात. भिंतीत जागोजाग खिळे होते. प्रत्येकीने आपल्या सोयीने ठोकलेले, जाताना एकीनेही न उपटलेले. मीही आल्याआल्या दोन ठोकले. जणू हे घर माझ्या नातवंडांना जायचं होतं!

पन्नास साल उलटून गेलं होतं. पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती नुकत्या वर येत होत्या, आणि आमच्या कंपनीच्या साहेबांना फुटबॉलची हौस. खेळाडू पगारी. सकाळी थोडा वेळ पॅकिंगमध्ये हात लावायचा, बाकी दिवस बॉलमागे. मास्तरला मैदानाला लागून दोन खोल्या, दारात स्वतंत्र नळ.

ह्या नळाची हवा माझ्या डोक्यात गेली. त्याआधी आम्ही चिंचवडगावात थोरल्या दिरांकडे राहत होतो. तिथे चुलीत लाकूड सारायचं तरी जाऊबाईंची परवानगी लागे. निघताना मी त्यांना म्हणाले होते, "तुमची चूल तुम्हाला लखलाभ." वय ते काय, आणि जीभ ती केवढी! म्हणजे ह्यांची मास्तरकी गेली, तर हे वाक्य गिळत त्याच चुलीपाशी जाऊन बसायचं होतं. टीमच्या हारजितीशी माझा संबंध एवढाच होता, आणि तो चांगला घट्ट होता.

मी कुंपणाशी उभी राहून खेळ बघायची. कळत काही नसे. बॉल ज्याच्या पायाशी तो आपला, असा माझा समज. पुढे कळलं, दुसऱ्या टीमचीही माणसं असतात.

पहिलीच मोठी मॅच खडकीच्या टीमशी, आणि ती आम्ही आमच्याच हाताने घालवली. बॉल आमच्या गोलसमोर उंच आला. गोलकीपर चाकणकडचा शेतकऱ्याचा मुलगा, उंच, शांत. तो पुढे धावत ओरडला, "सोड!" त्याच्या पुढे बचावाला उभा असलेला बॅक मराठवाड्यातून आलेला, तापट. त्याने सणकून लाथ हाणली. बॉल कीपरच्या गुडघ्यावर आपटून आमच्याच गोलात. मॅच संपली तरी दोघं कुंपणाशी भांडत होते.

"आरं, म्या सोड म्हनलं का न्हाई?"

"म्हणूनच सोडला की!"

"सोडला? हाणलास की मर्दा!"

"मग सोडायचा म्हणजे कडेवर घ्यायचा का?"

मी पदर तोंडाला लावून हसले. मागे वळून बघते तर हे उभे. हे हसत नव्हते.

मग उलगडा झाला. पहिल्या मास्तरने शिकवलं होतं, सोड म्हणजे हात-पाय लावू नको, माझा आहे. दुसऱ्याने शिकवलं, सोड म्हणजे पायात घोळवू नको, लांब फेक. तिसरा सगळं इंग्रजीत सांगायचा, त्याचं कुणाला काहीच कळलं नव्हतं, म्हणून त्याच्यापासून नुकसान सर्वांत कमी. मास्तर गेले, शब्द तेवढे मागे राहिले, भिंतीतल्या खिळ्यांसारखे.

"मग तुम्ही नवा शब्द काढा," मी म्हटलं.

"नवा नको," हे म्हणाले. "मी गेलो की तोही मागे राहील. आहे त्याचाच एक अर्थ धरायचा."

"जाण्याच्या गोष्टी कशाला करता?"

हे हातपाय धुवायला नळाशी गेले. ते कधीच मोठ्याने बोलत नसत. माणूस मैदानातून यायचा तो तासभर बोलून नाही, दिवसभर गप्प राहून दमल्यासारखा.

रोज तोच सराव सुरू झाला. उंच बॉल, कीपरची हाक, बॅक बाजूला. पुन्हा तेच. मला बघून कंटाळा यायचा, करणाऱ्यांचं काय होत असेल! एके दिवशी मी दुधाचं पातेलं उतरवत होते. ह्यांना काय वाटलं कोण जाणे, मागून आले आणि म्हणाले, "सोड."

मी आज्ञाधारक बायको. सोडलं.

सगळं दूध शेगडीवर. मी ओरडले, "धरायच्या आधी सोड कसं म्हणता हो?"

हे खाली बसून फडक्याने दूध पुसत राहिले. मग म्हणाले, "खरंय. आधी धरायला पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून सराव बदलला. कीपर बॉलखाली पोचल्याशिवाय हाक द्यायची नाही. मी मात्र पुढे कित्येक वर्षं सांगत फिरले, की फुटबॉल मी शिकवला ह्यांना. खरं तर मला वाईट वाटलं होतं ते दुधाचं.

मधल्या काळात साहेबांनी निरोप दिला होता: कीपर बदला, नाहीतर आम्हाला मास्तर बदलावा लागेल. त्या आठवड्यात मी ह्यांना जेवू दिलं नाही. म्हणजे ताट वाढलं, पण घास गिळू दिला नाही.

"एक कीपर बदलला तर काय जातं? कुणाचा कोण तो! आणि मी जाऊबाईंना काय तोंड दाखवू?"

"अगं, इतकं बदलून झालंय या टीममध्ये. आता कुणीतरी जागचं हललं नाही पाहिजे. ती पोरं आत्ता कुठे एकमेकांचा आवाज ओळखायला लागलीत."

"आणि आपलं?"

"आमटी वाढ," हे म्हणाले.

कीपर राहिला. खडकीशी पुन्हा मॅच झाली, तेव्हा मी कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरून उभी होते. तसाच उंच बॉल आला. कीपर बॉलखाली पोचला, मग हाक आली, "सोड!" बॅकने उचललेला पाय तसाच खाली ठेवला. बॉल कीपरच्या छातीशी. मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनी म्हणाल्या, "अहो, गोल नाही झालेला."

नव्हताच झाला. दोन्हीकडे शून्य. मला वाटलं, हरलो नाही म्हणजे वाचलो. साहेबांना वाटलं, गोल कुठाय? नवा मास्तर मुंबईहून यायचा आधीच ठरला होता म्हणे. शिपाई निरोप घेऊन आला, तेव्हा मी नळाखाली भांडी घासत होते. घासून पुरी केली. नळ होता तोवर वापरून घेतला.

ज्या दिवशी निघालो, त्या दिवशी ट्रंकेची एक कडी ह्यांच्या हातात, दुसरी माझ्या. पायरीवर माझ्याच्याने उचलेना. सरावाला निघालेला कीपर धावत आला. माझ्या हातातली कडी त्याने घेतली, मग ह्यांच्याकडचीही धरली, ट्रंक छातीशी नीट आवळली.

"सोडा, मास्तर," तो म्हणाला.

ह्यांनी त्याची पकड बघितली. मग सोडलं.

टांगा चिंचवडच्या वाटेला लागला. माझे खिळे मी भिंतीतच ठेवून आले होते, ते आठवत होतं. जाऊबाई दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे नीट बघून घेतलं, आणि म्हणाल्या, "ये. चूल पेटव. लाकडं विचारून घे."