जाऊबाईंना मी गोळ्या दिल्या नाहीत

झालं गेलं विसरून जावं, असं लोक म्हणतात. ज्यांचं काही जात नाही तेच असं म्हणतात. माझी नोकरी गेली, आणि ती माझ्या मोठ्या जावेनं घालवली. मी विसरले नाही, विसरणारही नाही.

मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा मी वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा पास झाले. किरनापूरकडच्या आमच्या गावातून बायकांत मी एकटीच. पुढे दिवाळीनंतर चालायची परीक्षा होती, जंगलाच्या रस्त्यानं, ठरलेल्या वेळात. पोटुशी बाईला तिथं उभी करत नाहीत. म्हणून मी उपकेंद्रातल्या नर्सबाईकडे गेले आणि म्हटलं, एवढी नोकरी लागेपर्यंत मला दिवस राहायला नको.

बाईनं आधी बीपी मोजलं. मग उलटतपासणी सुरू. डोकं एकाच बाजूनं दुखतं का, दुखण्याआधी डोळ्यांपुढं उजेड चमकतो का, तंबाखू खातेस का, पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली का, लेकरू अंगावर पितं का. मला वाटलं, ही गोळ्या देते की सोयरीक जुळवते! सगळं ठीक निघालं तेव्हा पाकीट हातात दिलं. एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी. दिवस राहू न देणाऱ्या त्या पांढऱ्याच; तपकिरी नुसत्या लोहाच्या, पण त्याही खायच्या, म्हणजे सवय मोडत नाही. रोज एकच वेळ धरायची. एखादी विसरली तर आठवताच खायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन-तीन लागोपाठ राहिल्या तर गोळ्या पुन्हा सुरू करून सात दिवस नवऱ्याला कंडोम वापरायला लावायचा. मी सगळं पाठ केलं. संध्याकाळचं जेवण झालं की भांडी घासायच्या आधी गोळी. तीन महिने एक चुकली नाही. पाकीट फडताळात तूरडाळीच्या डब्यामागं ठेवलेलं असे.

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. त्या मांडायचा मान मोठ्या सुनेचा. पण पाळी आली की मान गेला; मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, वेगळं बसायचं, ताट कुणीतरी दुरून सरकवणार. म्हणून आमच्याकडच्या बायकांचा एक उद्योग असतो. सण तोंडावर आला की कुणाच्या तरी घरातून गोळ्या आणायच्या आणि पाळी पुढं ढकलायची. गोळी कोणती, किती खायची, आपल्याला चालते का, हे कुणी विचारत नाही.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आठ दिवस आधी माझं पाकीट गायब झालं. मी घर पालथं घातलं. जावेला विचारलं तर म्हणाली, उंदरानं नेलं असेल. घरोघरी गोळ्या वाटणारी आशा दीदी तीजाच्या सणाला माहेरी गेलेली, उपकेंद्राला कुलूप. मेडिकलवाला नवऱ्याचा मित्र, त्यामुळे नवऱ्याला तिथं जायची लाज. कंडोम आणायचीही तीच लाज. चार दिवसांनी काय होते, म्हणाला. दूर राहा म्हटलं, ते त्याला दोनच दिवस जमलं. काय होते ते दिवाळीच्या फराळाच्या वासानं कळलं. मी तळणावरून उठून ओकायला पळाले.

चालायच्या परीक्षेच्या दिवशी मी अंगणात तांदूळ पाखडत होते. माझ्याहून कमी गुण पडलेली हट्टा गावाकडची एक मुलगी आज खाकी घालून गाडीवरून फिरते. भेटली की हात करते. मीही करते.

मुलगा झाला. पेढे वाटले, बारसं केलं. आणि बारशाला जमलेल्या बायकांत माझी जाऊ पदर सावरून म्हणाली, "हिच्या गोळ्या मीच खाल्ल्या होत्या, महालक्ष्म्यांसाठी. म्हणून तं देवीनं हिच्या पोटी पोरगा देला." सगळ्या हसल्या. चोर ते चोर, वर शिरजोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरावर माझा जीव आहे, त्याचा काय दोष? पण त्या हसण्याचा हिशेब मी बारशालाच मनात बांधून ठेवला आणि लेकराला कुंची घालत बसले.

चार वर्षं वाट पाहिली. मागच्या वर्षी जावेच्या तारखा पुन्हा महालक्ष्म्यांवर आल्या. या वेळी चोरी नाही, सरळ मागायला आली, गोड बोलत. एक पाकीट दे ना बाई, म्हणाली, माझा मान जाईल. आता ती अडतीसची. दिवसातून चार वेळा हिरड्यांना गुडाखू घासते, त्या तंबाखूशिवाय तिचं पोट हलत नाही. आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिचं अर्धं डोकं उठतं. त्याच्या आधी डोळ्यांपुढं उजेडाच्या वाकड्यातिकड्या रेघा नाचतात, असं तीच सांगते. नर्सबाईचे प्रश्न मला पाठ होते. जावेचं एकही उत्तर धड नव्हतं.

खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी ते पाकीट द्यायच्याच विचारात होते. अशा बाईला या गोळ्यांनी मेंदूत रक्ताची गाठ होऊ शकते, लकवा मारू शकतो, असं नर्सबाईनं मला समजावलं होतं. लकवा हा शब्द मनात घोळवत मी दोन दिवस पोळ्या लाटल्या. मला बरं वाटत होतं.

मग त्याहून चांगलं सुचलं. लसीकरणाच्या दिवशी, अर्धं गाव लेकरं घेऊन बसलेलं असतं तेव्हा, मी जावेला तिथं घेऊन गेले. म्हटलं, नर्सबाईच्या हातूनच घ्या, चांगल्या मिळतील. बीपी वर निघालं. थोडं बसवून पुन्हा मोजलं, तरी वरच. बाईनं सगळ्यांसमोर एकेक प्रश्न विचारला आणि जावेनं एकेक उत्तर दिलं. या गोळ्या तुला चालणारच नाहीत, बाई म्हणाली, जिवावर बेतेल; आणि अशा ऐन वेळी खाऊन पाळी हमखास पुढं जाते हेही खरं नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी दिली, गुडाखू सोडायला सांगितलं. आम्ही घरी पोचायच्या आत सासूबाईंच्या कानावर गेलं होतं. मेडिकलवाल्यालाही मी नवऱ्याकडून निरोप दिला. गावात एकही बाई तिला गोळी देईना.

पाळी वेळेवर आली. महालक्ष्म्या मी मांडल्या. आंबील केली, पुरण घातलं, सोळा भाज्या चिरल्या, सवाष्णींना कुंकू लावलं. जावेचं ताट दुसऱ्या कुणाला नेऊ दिलं नाही. सपरीत जाऊन ते दुरून सरकवलं आणि तिथंच बसून तिला सगळं सांगितलं. पाकीट, चालायची परीक्षा, बारशातलं हसणं, आणि ते दोन दिवस मी काय विचार करत होते तेही.

तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"मंग देल्या काहून नाही?" ती म्हणाली. "मी मेली असती, तुहं मन तं शांत झालं असतं."

"तुम्ही मेल्या असत्या, तं इथं कोन बसलं असतं, जाऊबाई?"