एका हाताने वळणारी तीनचाकी

नियंत्रण रेषेजवळच्या चौकीवर माझी नेमणूक धर्मगुरू म्हणून झाली. हुद्दा नायब सुभेदार. पलटणीत सारे मला पंडितजी म्हणत. पहाटेची आरती, रविवारची मंदिर परेड आणि कोणी धारातीर्थी पडला तर त्याचा अंत्यसंस्कार, ही माझी ड्यूटी. शस्त्र मी बाळगीत नसे.

चौकीपासून खालच्या उपचार केंद्रापर्यंत केवळ खेचरांची वाट होती. जखमीला चार जवान स्ट्रेचरवरून खांद्यावर उतरवीत. लान्स नाईक मोरेच्या पोटात मॉर्टारच्या गोळ्याचा तुकडा घुसला, तेव्हा मी सोबत चालत होतो. निम्म्या वाटेवर त्याने पाणी मागितले. मी ओठांना गंगाजळ लावले. केंद्राचे छप्पर दिसू लागले तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता आणि स्ट्रेचरच्या कापडातून झिरपलेले रक्त खांदेकऱ्यांच्या पाठीवरून उतरत होते.

ते कापड हवालदार सलीम शेखने धुतले. सलीम आमचा वाहन मेकॅनिक. भिंगारचा, म्हणजे माझ्याच गावचा. दुसऱ्या दिवशी त्याने कंपनी कमांडरांकडून एक निकामी मोटरसायकल मागून घेतली आणि सुटी करून खेचरांवरून वर आणली. मागचे चाक काढून आडवा आस बसवला, त्याला दोन चाके लावली आणि वर स्ट्रेचर बांधले.

चाचणीसाठी जखमी हवा होता.

"पंडितजी, आडवे व्हा," सलीम म्हणाला.

"मीच का?"

"सगळ्यात वजनदार तुमीच हाय. तुमी नीट उतरलात तर कुनीबी उतरंल."

मी झोपलो. भय वाटू नये म्हणून देवाची नित्याची नामावली म्हणू लागलो. पहिल्याच वळणावर पुढचे चाक हलके पडले, हँडल वळूनही गाडी सरळ दरीकडे निघाली. सलीमने ती खडकावर घातली. मी स्ट्रेचरवरून फेकला गेलो.

"पाठ कुठं तुटला?" त्याने विचारले. मला लागले काय, हे नंतर.

मी ज्या नावाशी थांबलो होतो ते सांगितले. पुढे हीच आमची रीत झाली. माझा उच्चार ज्या नावाशी अडखळे, त्या नावाशी वाटेतले कोणते वळण येते ते सलीम पाहून येई आणि संध्याकाळी पाना घेऊन बसे. त्याने स्ट्रेचर पुढे सरकवले, तेव्हा पुढच्या चाकावर भार आला. दोन्ही मागची चाके एकत्र फिरत, म्हणून गाडी वळायला नाखूश असे. त्याने साखळी फक्त डाव्या चाकाला जोडली, उजवे मोकळे ठेवले.

"डावंच का?" मी विचारले.

"उतरताना डोंगर डाव्या अंगाला. इंजिन अडवतं ते डाव्या चाकाला, मंग गाडी डोंगराकडं वढती. चढताना डोंगर उजवीकडं, तवा जोर लावला की उजवीकडं वढती. वढायचंच तर दरीकडं कशाला?"

शेवटी त्याने हँडलला दोन्ही बाजूंनी नळ्या जोडून ते लांब केले. कमांडरसाहेब म्हणाले, "शेख, बैलाची शिंगं लावलीस काय?"

"साहेब, एका हातानं वळलं पायजे," एवढेच तो बोलला. ज्या दिवशी मी संपूर्ण नामावली न अडखळता खाली पोहोचलो, त्या दिवशी त्याने पाने पुसून ठेवले.

ती सकाळ शांत उजाडली. आरती आटोपली आणि मॉर्टारचा पहिला गोळा खेचरांच्या गोठ्यावर पडला. दुसरा बंकरच्या तोंडाशी. धूर निवळला तेव्हा शिपाई दत्तू बसला होता आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली केवळ कातड्याने लोंबत होता. दत्तू पारनेर तालुक्यातला. नर्सिंग असिस्टंटने मांडी आवळून बांधली.

चौकीवरून वायरलेसवर केंद्राला निरोप गेला, "डेल्टा, वन कॅज्युअल्टी, सीरियस. खाली आणतोय. ओव्हर."

"रॉजर. डॉक्टर तयार. आउट."

मी स्ट्रेचरमागच्या फळीवर बसून दत्तूची मांडी दाबून धरली. सलीमने किक मारली.

"पंडितजी, मला मागं बघता यायचं न्हाई. पाठ चालू ठेवा. थांबलात की मी समजंन, गडी गेला."

तिसऱ्या वळणावर गोळा वरच्या कड्यावर फुटला. दगड आणि लोखंड एकदम आले. सलीमचा उजवा हात खांद्यापासून सैल पडला, पाठ उघडी झाली. त्याचे रक्त वाऱ्याने माझ्या तोंडावर येत होते. डाव्या हाताने त्याने हँडल वळवले. गाडी डोंगराला घासत खाली जात राहिली. मला हाक मारायची होती. परंतु पाठ थांबला असता तर त्याने दत्तू गेला असे मानले असते, आणि मग त्याने कशासाठी जागे राहावे? मी नामे म्हणत राहिलो. एकही वळण मला जाणवले नाही.

केंद्रासमोर त्याने पायाने ब्रेक लावला, इंजिन बंद केले आणि कपाळ हँडलवर टेकवले.

"हाय का?" त्याने विचारले.

"आहे," मी म्हणालो.

पुढचे नाव माझ्या मुखातून निघाले नाही. डॉक्टर आधी त्याच्याकडे धावले, आणि लगेच दत्तूकडे वळले.

दत्तू जगला. आज तो गावी म्हशी पाळतो आणि तीनचाकी करून घेतलेल्या मोटरसायकलवर दूध पोचवतो. नगरच्या गॅरेजवाल्याने पहिल्यांदा हँडल जड ठेवले होते. दत्तूने गाडी परत नेली.

"एका हातानं वळलं पायजे."

"दोन्ही हात धड हायेत की तुमचे," गॅरेजवाला हसला.

"तरी पायजे."

दर वर्षी त्या तिथीला तो मला न्यायला येतो. भिंगारच्या कब्रस्तानात सलीमचे वृद्ध वडील फातिहा पढतात. मग ते मला म्हणतात, "पंडितजी, तुमचं चालू द्या." मी नामावली आरंभतो आणि त्या दिवशी केंद्रासमोर थांबलो होतो त्याच नावापाशी थांबतो. तिथे दत्तू कुबडीवर उभा राहून कबरीकडे पाहत मोठ्याने म्हणतो, "हाय, हवालदारसाहेब." त्यानंतर मी पुढचे नाव घेतो.