पावडरमामांची सही

जुन्या मॅनेजरांच्या निरोप समारंभात पावडरमामांची नक्कल करायची म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत बाइंडिंगच्या खोलीत एकटाच तालीम करत होतो, आणि नक्कल जरा जास्तच हुबेहूब झाली. भिंतीवरची आग विझवायची लाल बाटली उतरवली, पिन उपसली, "पाठ दाराकडे, नळी ज्वाळेच्या बुडाशी!" असं मामांच्या घोगऱ्या आवाजात ओरडलो आणि भरात दांडा दाबला गेला. अर्धा सेकंदच. पण तेवढ्यात मी, टेबल आणि शिवायला ठेवलेल्या वह्या, सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसू लागलो. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. मग फडक्याने सगळं पुसलं. बाटलीवरचा दाबाचा काटा पाहिला, तो अजून हिरव्या पट्ट्यातच होता. पिन परत घातली, तुटलेल्या सीलच्या जागी वह्या शिवायचा दोरा बांधला, आणि बाटली टांगून हात झटकून मोकळा झालो.

पावडरमामा म्हणजे आमच्या छापखान्यात वर्षातून दोनदा उगवणारे गृहस्थ. आग विझवायच्या बाटल्या तपासणाऱ्या एजन्सीत त्यांची सव्वीस वर्षं गेलेली. खांद्यावर पिशवी, पिशवीत रबरी हातोडा आणि मिशीत कायमची पांढरी पूड. प्रत्येक बाटली ते उतरवायचे, उलटी धरायचे आणि तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तसं तिला थोपटायचे. "पावडर खाली बसून दगड होते हो. हिला जागी ठेवावी लागते." मग काटा, नळी, पिन, सील बघून कार्डावर सही. पूर्ण नावाची, वळणदार, खाली दोन टिंबं. "सव्वीस वर्षांत या सहीची एक बाटली फुसकी निघाली नाही," हे वाक्य दर खेपेला चहाबरोबर ठरलेलं.

त्यानंतर भाषण. बाइंडरबाई तेवढ्या मन लावून ऐकायच्या. बाकीचे सगळे माझ्याकडे बघत, आता हा काय बोलतो म्हणून.

"आधी पळायची वाट पाठीशी ठेवा. चार पावलं लांब उभे राहा. ज्वाळेच्या शेंड्यावर मारू नका, बुडाशी मारा, झाडू फिरवल्यासारखं इकडून तिकडे. विझली म्हणून पाठ फिरवू नका. पावडरीने गारवा येत नाही, आग पुन्हा पेटते. आणि आग मोठी वाटली तर बाटली टाका नि पळा!"

"मामा, पळण्यात आम्ही तरबेज आहोत," मी म्हणायचो.

"ते दिसतंच," मामा म्हणायचे, आणि मग शेवटचं बोट उगारायचे. "एकदा दाबली की वापरली! थोडी दाबा नाहीतर पुरी दाबा, कण व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि हवा गुपचूप निघून जाते. तेव्हा लपवू नका, मला बोलवा."

हे मला तोंडपाठ होतं. निरोप समारंभात सगळ्यात जास्त टाळ्या याच वाक्याला पडल्या.

काटा लाल पट्ट्यात कधी गेला ते मला सांगता येणार नाही, कारण त्या भिंतीकडे बघणंच मी सोडलं होतं.

तीन आठवड्यांनी सरस तापवायच्या विजेच्या शेगडीच्या वायरीतून ठिणगी उडाली आणि कागदाच्या कातरणांनी पेट घेतला. बाइंडरबाईंनी मेन स्विच बंद केला, बाटली उतरवली, पाठ दाराकडे केली, पिन ओढली, बुडाशी नेम धरला, दांडा दाबला. फुस्स. जिन्यातली दुसरी बाटली येईपर्यंत त्या फडक्याने आग झोडपत राहिल्या. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. "मामांनी सांगितलं तसंच केलं हो मी," असं त्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा सांगत होत्या, जणू चूक त्यांचीच.

चौकशीला एजन्सीचे मालक आले. मामांनी सगळ्यांदेखत बाटली उघडली.

"ही कुणीतरी दाबलीय. हे बघा, व्हॉल्व्हच्या तोंडाशी पावडर आहे. आणि माझं सील कुठाय?"

"जळलं असेल," आमचे नवे मॅनेजर म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "कुणी दाबली होती का?"

आम्ही अकरा जण उभे होतो. एरवी ज्याची जीभ टाळूला म्हणून लागत नाही, तो छापखान्याचा विदूषक मूग गिळून आपल्या बुटांकडे बघत होता.

"बघा," मॅनेजर मामांना म्हणाले. "म्हणजे आमची सगळी माणसं खोटं बोलतात का?"

मामांनी आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं. मग कार्डावरच्या सहीकडे. मालक कार्ड खिशात घालत म्हणाले, "मामा, उद्यापासून फिरती बंद. गोदामात बसा. सही दुसरा कुणी करेल."

पुढच्या दोन महिन्यांत मी त्या गोदामाच्या दारापर्यंत चारदा जाऊन परत फिरलो. पाचव्यांदा आत शिरलो. पत्र्याच्या शेडमध्ये मामा तोंडाला फडकं बांधून नरसाळ्याने बाटल्या भरत होते. पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या तपासनिसाने एकाही बाटलीला हात न लावता सात कार्डांवर सह्या ठोकल्या. मामांनी ते पाहिलं आणि पुढची बाटली ओढली.

मी सगळं ओकून टाकलं. नक्कल, तो अर्धा सेकंद, दोरा, सगळं.

"मामा, चूक तुमची नव्हती."

त्यांनी फडकं खाली ओढलं.

"ते मला माहीतच होतं, मला कशाला सांगता?"