दशहरीच्या सालीतलं एकच द्रव्य

गेल्या शुक्रवारी मी लखनौच्या आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट बंद करायचं ठरवूनच गेले होते. जूनचं ऊन, त्यात विकास नगरहून ऑटो... पोचेपर्यंत निम्मा जीव गेलेला.

काम काय, तर दशहरी आंब्याच्या फेकून दिलेल्या सालींतून मँगिफेरिन नावाचं औषधी द्रव्य काढायचं. त्यासाठी मी चुंबकाला चिकटणारी बारीक काळी पूड बनवते. बनवतानाच त्या द्रव्याचे रेणू आत घालायचे आणि मग धुऊन काढायचे, म्हणजे त्यांच्या मापाचे खळगे राहतात. सालीच्या अर्कात पूड ढवळली की नेमकं तेच द्रव्य खळग्यांत बसावं, आणि चुंबक लावून पूड बाजूला ओढावी.

कागदावर फार सुंदर. प्रत्यक्षात गेलं वर्षभर ती हवं ते सोडून सगळं धरत होती... रंग काय, साखर काय. सोमवारी रिव्ह्यू होता. सर म्हणाले होते, "मॅडम, अब कुछ और सोचिए."

मी पुडीच्या बाटल्या आवरायला घेतल्या. शेजारच्या टेबलावर फरहत आपा असतात, आमच्या सीनियर सायंटिस्ट. त्यांनी विचारलं, "इसे कितना धोया था?"

"जितना प्रोटोकॉल में लिखा है, आपा."

"तो और धोइए. बंद ही करना है तो साफ करके बंद कीजिए."

वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून धूत बसले. धुवायच्या ॲसिटिक ॲसिडचा तो व्हिनेगरसारखा वास डोक्यात चढला होता. सहज म्हणून धुऊन निघालेलं पाणी मशीनवर तपासलं, तर त्यात मँगिफेरिन अजून येतच होतं!

म्हणजे खळगे कधी रिकामेच झाले नव्हते... जागाच नाही, तर नवे रेणू बसणार कुठे?

पाण्यात काही येईनासं होईपर्यंत धुतलं. शनिवारी दुपारी सालीच्या अर्कावर पुन्हा प्रयोग केला. पुडीने काय धरलं ते मशीनवर तपासलं, तर स्क्रीनवर एकच उंच शिखर आलं, मँगिफेरिनचं; बाकी सगळं जवळजवळ सपाट.

उड्या वगैरे नाही मारल्या. स्टुलावर बसून राहिले. नवऱ्याला फोन केला, तो रेल्वेत इंजिनीअर आहे. चारबाग स्टेशनच्या गोंगाटात तो ओरडून विचारत होता, "रडतेयस का गं?"

"नाही रे... थकलेय."

घरी लेकीने दारातच विचारलं, "मम्मी, हो गया क्या?" "झालं गं," म्हटलं आणि सोफ्यावरच झोपले. कूलर कुणी लावला, तेही कळलं नाही.

सोमवारी प्रोजेक्टला मुदतवाढ मिळाली. आता तेच पुन्हा पुन्हा करून दाखवायचंय. थकवा आहेच.

पण त्या शुक्रवारी आपा "हिंमत रखिए" म्हणाल्या असत्या, तर मी रडून घरी निघून गेले असते. त्यांनी हातात काम दिलं... शुक्रिया, आपा.