हिवरखेडची थेट बस बंद झाली तेव्हा

रेहानाचा फोन आला तेव्हा मी नाशिकला गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

"वैशू, मी नोकरी सोडून राहिली," ती म्हणाली. "सोडायच्या आधी एकदा माही शाळा पाहून घे. किती वर्षं नुसतं येते येते म्हणतेस."

"अम्मींची तब्येत बरी नाही का?"

"अम्मी बरी आहे. बस बंद झाली."

रेहाना आणि मी अमरावतीला अध्यापक विद्यालयात एकत्र होतो, वसतिगृहाच्या एकाच खोलीत. ती अकोल्याची, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातली. लग्न तिने केलं नाही. घरात ती आणि तिची आई, दोघीच. शाळा हिवरखेडला. अकोल्याहून अकोट आणि तिथून पुढे सातपुड्याच्या पायथ्याकडे, असा लांबचा रस्ता. पण सकाळी एक थेट बस होती आणि दुपारी तीच परत यायची, म्हणून रेहानाने बदली कधी मागितली नाही. आता ती बस बंद झाली होती. बससाठी कुणी नोकरी सोडतं का, हे मला कळेना. म्हणून मी निघाले.

या ब्लॉगवर मी गड लिहिले, समुद्र लिहिले, घाट लिहिले. वऱ्हाडात फिरायला जा, असं आजवर कुणालाच सांगितलं नाही. आता सांगते. जानेवारीत जा. ऊन कोवळं असतं, शेतांत तूर उभी असते आणि रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागलेले असतात.

रेल्वेने बडनेरा गाठलं आणि आधी एक दिवस अमरावतीत काढला, तो निव्वळ गिल्या वड्यासाठी. वड्यावर आंबटगोड रस्सा, वरून दही आणि तिखट. आमच्या काळी वसतिगृहाच्या दारातून शहर बसने यायचो, खायचो, परत जायचो. आता त्या रस्त्यावर बस दिसेना. गाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ऑटो पकडा बाई. बसची वाट पायसान तं वडा गार होईन." मी ऑटोने गेले. वसतिगृहाला नवा रंग लागलाय. आमची खिडकी ओळखता आली नाही.

अमरावती ते अकोला मात्र सोपं आहे. गाड्या भरपूर, बायकांना अर्धं तिकीट, मूर्तिजापूर मागे पडलं की अकोला फार लांब राहत नाही. जागा मिळाली तर डावीकडची घ्या, दुपारचं ऊन उजवीकडून येतं असं मला कंडक्टरने सांगितलं. प्रत्यक्षात ते माझ्याच बाजूने आलं.

रेहानाचं घर जुन्या शहरात एका अरुंद गल्लीत आहे. दाराशी ओटा, ओट्यावर अम्मी. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "बारीक झाली गं तू." मी बारीक झालेली नाही, पण अम्मी असंच म्हणतात.

चहा पिताना त्यांनी शहर बसचा विषय काढला. पूर्वी त्या आठवड्यातून दोनदा नदीपलीकडे बहिणीकडे जायच्या. बसची पायरी उंच होती, पण कंडक्टर हात द्यायचा. ती बस थांबली तेव्हापासून शेअर ऑटो. "त्याच्यात चारजणी कोंबतात बेटा. माहे गुडघे म्हणजे काय सामान आहे?" म्हणून बहिणीकडे जाणं सुटलं, बाजार सुटला, आणि अम्मींचा दिवस या ओट्यावर येऊन बसला.

रेहाना आत भाकरी करत होती. तिने मला हळूच सांगितलं, "दिवसभर अशीच बसून राहते. आधी मी दुपारच्या चहाले घरी असायची. आता अंधार पडते. तिकडे शाळेतही उशीर, इकडेही उशीर. कोणाचीच धड नाही राहिली मी."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. थांब्यावर सुनंदाताई भेटल्या. हिवरखेडच्या सरकारी दवाखान्यात त्या सिस्टर आहेत. रेहाना आणि त्या थेट बसमध्येच भेटल्या आणि तिथेच मैत्रिणी झाल्या. मला पाहताच त्यांनी पिशवीतून संत्रं काढून दिलं आणि म्हणाल्या, "खाऊन घ्या. पुढे हात हलवाले जागा नाही भेटत."

खरंच मिळाली नाही. अकोटची गाडी आली ती भरूनच. आम्ही तिघी दाराजवळ एकमेकींना धरून उभ्या राहिलो. तशा गर्दीतही सुनंदाताई थेट बसच्या गोष्टी सांगत होत्या. प्रत्येकीची जागा ठरलेली असायची. हिवाळ्यात वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं तर बसमध्येच पेढे वाटायचे. रेहाना थांब्यावर दिसली नाही तर ड्रायव्हर गाडी जरा रेंगाळत ठेवायचा. "मॅडम येऊन राहिल्या असतीन, थांबा," असं मागच्या बाकावरूनही कुणीतरी ओरडायचं.

"आता सगळे कुठे गेले?" मी विचारलं.

"ज्याईच्याजवळ मोटरसायकल, ते मोटरसायकलवर. बाकीचे असे लोंबकळत," सुनंदाताई म्हणाल्या. "दोघी-तिघींनी कामच सोडलं."

अकोटला उतरून चहा घ्या, छान मिळतो. पण हिवरखेडच्या गाडीची खात्री फलकावर बघून करू नका, खिडकीशी जाऊन विचारा. आम्ही विचारलं. गाडी नव्हती. मग काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली तरी लगेच हलत नाही. मधल्या बाकावर आम्ही तिघी आणि आणखी एक बाई, मागे पुरुष, त्याच्याही मागे पायरीवर उभे राहिलेले. पण रस्ता सुंदर होता. कापसाची बोंडं, केळीच्या बागा, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आमच्यासोबत चालत आलेली. माझी मान त्या बाजूला अडकली होती, त्यामुळे मला ती पूर्ण पाहता आली.

सुनंदाताई दवाखान्याकडे वळल्या. आम्ही शाळेत पोहोचलो तेव्हा पहिला तास संपला होता. चौथीची मुलं पायरीवर बसून होती. रेहाना फाटकातून आत आली तशी ती उठून धावली. मी आजवर तिला मैत्रीण म्हणून पाहिलं होतं. त्या दिवशी भागाकार शिकवताना पाहिलं. तिने वर्गात चिंचोके वाटले, वाटून उरलेले चिंचोके एका मुलीच्या ओंजळीत ठेवले आणि म्हणाली, "ही आपली बाकी. हिले सांभाळून ठेवा." ती मुलगी सुट्टी होईपर्यंत मूठ मिटून बसली होती.

शाळा सुटताना तीच मुलगी रेहानाच्या ओढणीला धरून म्हणाली, "मॅडम, आई म्हणे तुमी आता येत नाई. खरं हाये का?"

रेहाना म्हणाली, "उद्या येतो ना." एवढंच. मग ती फळा पुसायला वळली, आणि आधीच पुसलेला फळा तिने पुन्हा पुसला.

दुपारी आम्ही तिघी गावच्या थांब्यावर आलो. जीप एकही नव्हती. लग्नाची मोठी तिथ होती, सगळ्या जीपा वऱ्हाड घेऊन गेलेल्या. अकोटची बस येईल म्हणून थांबलो. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा समोरच्या टपरीवाल्याने सांगितलं, "कालही नाई आली ते. आजही येईन असं वाटत नाई."

रेहानाने घरी फोन लावला. अम्मींनी उचलला. शेजारची सायरा सोबतीला येईल, असं ठरलं. फोन ठेवून रेहाना दगडी पारावर बसली. "पाहिलं ना," ती मला म्हणाली. "याच्यासाठी सोडून राहिली. आज सायरा आहे. रोज कोण येईल?"

तेवढ्यात शेतातून परतणाऱ्या वंदनाताईंनी आम्हाला पाहिलं. सुनंदाताईंनी त्यांचं बाळंतपण केलं होतं, ती मुलगी आता कॉलेजात गेलेली. "सिस्टर, इथी कावून बसल्या? चाला घरी," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या. आमचं उत्तर त्यांना नकोच होतं.

त्या जेवणाविषयी वेगळी पोस्ट लिहिता येईल. तुरीच्या ओल्या दाण्यांना इकडे सोले म्हणतात. वांगी आणि सोल्यांची रसरशीत भाजी, चुलीवरची ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि वंदनाताईंनी चौथी न विचारता वाढली.

त्यांची मुलगी कल्याणी वाढत होती, पण बोलत नव्हती. अकोटला अकरावीत आहे असं कळलं. रेहानाने विचारलं, "रोज जाते ना कॉलेजले?"

कल्याणीने वडिलांकडे पाहिलं. गजाननभाऊ भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले. "मॅडम, ते बस होती तवा कधी अडवलं नाई. आता जीपमंधी पायरीवर लोकं उभे. तिले कशी पाठवू? मी सोडाले गेलो तं शेत कोण पाहीन?"

"मागच्या बाकावर माणसाईत बसाले लागते," कल्याणी पहिल्यांदाच बोलली. "म्हणून मीच जात नाई. बाबा नाई म्हणत नाई." 

गजाननभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मागच्या बाकाची गोष्ट त्यांना बहुधा आत्ताच कळत होती.

वंदनाताईंनी ताक वाढता वाढता विषय दुसरीकडे नेला. "मॅडम, आमची मागची खोली रिकामी पडली हाये. तुमी अन् सिस्टर इथीच राहा ना. शनिवारी जात जा घरी."

सुनंदाताईंनी लगेच रेहानाकडे पाहिलं. त्यांच्या मनात हे आधीच आलं असावं. रेहाना म्हणाली, "माही अम्मी आहे."

दुसऱ्या दिवशी जीप मिळाली आणि शाळा करून आम्ही अकोल्याला परतलो. अम्मी ओट्यावरच होत्या. चहा झाला. रेहाना त्यांना सगळं सांगत गेली, लग्नाची तिथ, सोले, कल्याणी, आणि शेवटी हसत हसत खोलीचंही सांगितलं, जणू गंमत झाली.

अम्मी हसल्या नाहीत. "त्या घरापासून किराण्याचं दुकान किती दूर आहे?"

"पायी. समोरच."

"अन् दवाखाना?"

"पायी. सिस्टर तर खोलीतच राहीन. कावून विचारून राहिली?"

"शेजारपाजार बोलते का?"

"अम्मी, तिथे तू राहू नाही शकत. गाव आहे ते. आपलं घर सोडून..."

"घर काय पळून जाते?" अम्मींनी कप खाली ठेवला. "तू माह्यासाठी नोकरी सोडून राहिली. पूर्ण गल्लीले माहीत आहे. नाशिकच्या पोरीले फोन करून सांगितलं. मले विचारलं का एकदा तरी?"

रेहाना कप गोळा करायला लागली.

"इथं माहं काय आहे? ओटा. बहीण नदीच्या तिकडे, बाजार नदीच्या तिकडे. तिथं मी पायानं तरी फिरीन." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग बेटा, माहं काही चुकलं का?"

मी नाही म्हणाले. रेहाना उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते आणि हातात कपाटावरची जुनी ट्रंक होती.

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. वंदनाताईंनी फोनवर लगेच हो म्हटलं, सुनंदाताईही तयार झाल्या. सोमवारी आम्ही हिवरखेडचीच एक जीप पूर्ण ठरवून गाद्या, भांडी, शेगडी आणि अम्मींना घेऊन हिवरखेडला गेलो. अम्मी पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि ड्रायव्हरला सतत विचारत होत्या, हे कोणतं गाव, ते कोणतं गाव. त्याच ड्रायव्हरशी गजाननभाऊंनी खोलीसमोर उभं राहून बोलणं केलं. अकोटच्या सकाळच्या फेरीला मधला बाक पोरींसाठी ठेवायचा आणि पायरीवर कुणाला उभं करायचं नाही. तो आधी कुरकुरला. मग सुनंदाताईंनी त्याच्या आईच्या ब्लडप्रेशरची चौकशी केली आणि तो कबूल झाला.

नाशिकला येऊन आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, एवढं काय पाहिलंस तिकडे? मी सोले-वांग्याची भाजी करून घालते आणि सांगते. वाचणाऱ्यांपैकी कुणी जाणार असेल तर लवकर निघा, पाणी जवळ ठेवा, आणि लग्नाच्या तिथी बघून जा. पण सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. सुनंदाताईंचे यजमान अकोल्यात एकटे स्वयंपाक करतात आणि त्यावरून घरी कुरबुर आहे. कल्याणी बहुतेक दिवस कॉलेजला जाते. जीप लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेली की तिचा तो दिवस बुडतो. आणि रेहाना-सुनंदाताईंना पगार आहे म्हणून खोली घेता आली. थेट बसमधल्या ज्या बायकांनी काम सोडलं, त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

काल रेहानाशी बोलणं झालं. अम्मी शेजारणींबरोबर हरभऱ्याचा हिरवा पाला आणायला गेल्या होत्या आणि नुकत्याच परतल्या होत्या. मी विचारलं, "समजा, बस उद्या पुन्हा सुरू झाली, तर परत जाशील अकोल्याला?"

मागून अम्मींचा आवाज आला, "सुरू झाली तं आमी अकोल्याले पाहुणे म्हणून जाऊ."

रेहाना हसली. मग अम्मींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पण सुरू व्हायला पाहिजे गं वैशू. आमचं जमलं. कल्याणीले अजून लय दूर जायचं आहे."