घडाची केळ

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि देशाच्या संघातून रग्बी खेळलेला नंदाखालमधला पहिलाही मीच. हे मी स्वतःच सांगतो, कारण सत्तरच्या दशकात आमच्या गावात रग्बी कुणाला ठाऊकच नव्हती. अंड्यासारखा चेंडू, तो घेऊन पळणाऱ्याला धरून आपटायचं, एवढं सांगितलं की म्हातारे विचारायचे, "यासाठी कॉलेजात गेलास होय?"

आपटायला मी आमच्या केळीच्या वाडीत शिकलो. घड उतरवला की ती केळ पुन्हा फळत नाही, पाडावीच लागते. वडील कोयता घालायचे. मी म्हटलं, मी पाडतो. धावत जायचं, बुंध्यात खांदा घुसवायचा आणि दोन्ही हातांनी कवळून खाली न्यायचं. तोंडात चीक जायचा, बनियनवर कधीच न निघणारे डाग पडायचे. वडिलांची अट एकच: "घड काढलेलीच पाड. घडाचीला शिवलास तर तुला पाडीन." एकदा चुकून घडाच्या केळीला खांदा घासला, तर त्यांनी कोयत्याच्या मुठीने माझी भुवई फोडली.

श्रीलंकेहून येणाऱ्या संघाविरुद्ध खेळायला भारताचा संघ निवडायचा होता. मुंबईतला तो चाचणी सामना बघायला वडील पहिल्यांदाच आले. समोर कलकत्त्याचा एक दांडगा गडी होता. सुरुवातीच्याच झोंबाझोंबीत त्याने बुटाने माझा कान फाडला. मग तो चेंडू घेऊन थेट माझ्या अंगावर आला, आणि माझे पाय थबकले. त्याने चेंडू बाजूला फेकला, तेव्हा कुठे मी धावलो आणि खांदा घालून त्याला पाडलं. त्याच्या खांद्याचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो गुरासारखा ओरडला, आणि रेफरीने माझ्याविरुद्ध शिट्टी फुंकली.

प्रशिक्षकांनी माझी कॉलर धरली. "चेंडू सोडलेल्या माणसाला मारतोस? नेहमीचंच झालंय तुझं! संघात घेतोय, पण पुन्हा असं केलंस तर भारताकडून खेळणं विसर. घरी बसून केळी विक."

परतताना वडील चिडलेले, पण रेफरीवर. "चेंडू गेलेलाच होता की त्याचा. मग पाडला तर बिघडलं काय?"

"तिथे उलटं असतं," मी म्हटलं. "ज्याच्याकडे आहे त्यालाच पाडायचं."



रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर त्यांनी मला वाडीत नेलं. भरल्या घडाने वाकलेल्या एका केळीचा टेकू काढला. "पाड."

माझा पाय उचलेना.

"पाड म्हणतो ना!" त्यांनी मागून लाथ घातली. मी गेलो. केळ कोसळली, घड पाठीत बसला, श्वासच अडकला. उठून बघतो तर ते पुढच्या केळीचा टेकू काढत होते.

"बापलेक दोघंही खुळे झाले!" आई कुंपणापासून ओरडली. मग कितीतरी दिवस घरात कच्च्या केळ्यांचीच भाजी.

श्रीलंकेविरुद्धच्या सामन्यात त्यांचा एक पळणारा चेंडू पोटाशी धरून माझ्यावर आला, तेव्हा पाय पुन्हा थबकले. नुसते क्षणभर. मग मी घुसलो. त्याच्या गुडघ्यावर माझं नाक फुटलं, तोंड रक्ताने भरलं, आणि आम्ही दोघं खाली आदळलो. चेंडू अजून त्याच्याच पोटाशी होता. मी शिट्टीची वाट बघत पडून राहिलो. शिट्टी वाजली नाही. कुणीतरी माझ्या बोटांवर बूट देऊन पुढे गेला.