वाढत्या अंगाचे इंजेक्टर

मास्तरांनी आयुष्यात कुणालाही बेताचा कपडा शिवून दिलेला नाही. त्यांच्या दुकानातून शाळेचा गणवेश घालून निघालेलं पोर पहिलं वर्षभर बापाचे कपडे चोरून पळाल्यासारखं दिसतं. तिसऱ्या वर्षी तोच गणवेश अंगाबरोबर बसतो, तेव्हा कुठे त्याच्या आईला मास्तरांची थोरवी कळते. "वाढतं अंग आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एका आजोबांच्या पायजम्यालाही त्यांनी चार बोटं दुमड जास्तीची ठेवली होती. आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

असा हा ऐसपैस माणूस एका बाबतीत मात्र मान खाली घालून जगत होता. त्यांची गाडी जुनी, इंजिन छोटं आणि मेहुण्याचं घर नेमकं एका उभ्या चढाच्या टोकाला. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्याकडे जेवण. चढाच्या पायथ्याशी गाडी धापा टाकू लागली की आई, बायको आणि दोन्ही मुली खाली उतरत आणि मास्तर एकटेच वर पोचत. वर गॅलरीत मेहुणा चहाचा कप घेऊन उभा असेच.

"या जावईबापू. सामान मागून चालत येतंय वाटतं?"

आठ वर्षं हे वाक्य ऐकल्यावर मास्तर बायकोला म्हणाले, "पुढच्या खेपेला सगळ्यांना बसवून गाडी त्या गॅलरीखाली उभी करतो. नाही जमलं तर विकून टाकतो."

"विका. पण सीट कव्हरांचे सहा जोड शिवून ठेवलेत, ते कुणाला घालायचे?"

एका जुन्या गोदामात एक तरुण बाई लॅपटॉप जोडून इंजिनं नव्याने ट्यून करून द्यायची. मास्तरांनी तिला फोन लावला. ती म्हणाली, "काका, ट्यूनिंगने ताकद वाढेल, पण मग पेट्रोलही तेवढं लागेल. ते इंजिनात फवारणारे तुमचे इंजेक्टर आत्ताच जेमतेम पुरत असणार. आधी ते बदला, मग गाडी आणा. थोडे मोठे घ्या, चारही एका मापाचे."

आता 'थोडे मोठे' म्हणजे किती, हे मास्तरांना दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती. त्यांनी थेट दुपटीचे घेतले.

"हे शर्यतीच्या गाडीचे आहेत," दुकानदार म्हणाला.

"असू देत. उद्या इंजिनाची भूक वाढली तर पुन्हा उसवाउसवी नको."

गल्लीतल्या मेकॅनिकने ते बसवून दिले आणि मास्तर गोदामाकडे निघाले. गाडीला उचक्या लागल्या. मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्याने नाकाला रुमाल लावला आणि मास्तरांकडे असं पाहिलं, की त्यांनी उगाचच घड्याळात डोकं घातलं. गोदामाच्या दारात गाडीने शेवटची उचकी दिली आणि पुढचं अंतर मास्तरांनी ती ढकलत नेली.

बाईने एक इंजेक्टर काढून निरखला. "काका, हे कुणासाठी घेतलेत?"

"याच गाडीसाठी."

"गाडी सुरू ठेवून नुसती उभी असली की इंजिनाला घोटभर पेट्रोल लागतं. या इंजेक्टरला घोट माहीतच नाही, हा बादलीच ओततो. लॅपटॉपवर मी किती आवळणार? चार फुटी पोराला तुम्ही सहा फुटी माणसाचा शर्ट शिवाल का?"

"शिवतोच की. पोरगं वाढतं."

"इंजिन वाढत नाही, काका."

मास्तर तिथल्याच एका टायरवर बसले. तीस वर्षांत हा मुद्दा त्यांच्यासमोर कुणी मांडला नव्हता.

"म्हणजे कायम एवढंच?"

"एवढंच. पण आहे तेवढं पुरतं वापरू. तुम्हाला गाडीकडून नक्की काय हवंय?"

"पाच माणसं, एक चढ आणि वर पोचेपर्यंत दुसरा गिअर."

तिने ते कागदावर उतरवून घेतलं. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी मास्तरांचं माप घेत होतं.

दुकानदाराने इंजेक्टर बदलून दिले. 'मी म्हटलं नव्हतं?' हे तो तोंडाने बोलला नाही, चेहऱ्याने बोलला. बाईने नवे चारही इंजेक्टर तपासणीच्या यंत्राला लावले. खालच्या चार काचेच्या नळ्या एका रेषेत भरत आल्या. मास्तरांनी वाकून, एक डोळा मिटून पातळी पाहिली. "शिलाई सरळ आहे," ते म्हणाले. मग ती दुपारभर लॅपटॉपवर बसली आणि मास्तर घरी परतले ते एकाही उचकीशिवाय.

रविवारी चढाचा पायथा आला. गाडी गुणगुणत होती, तेवढ्यात आईने सवयीने दार उघडलं. "उतरा गं."

"आई, बस. आज चढते गाडी."

"चढू दे की. आम्हाला चालायचंय. त्या वळणापर्यंत आम्ही तुझ्या मेहुण्याला नावं ठेवतो. वर गेल्यावर जमतं का ते?"

सासू, सून आणि नाती हसत चालू लागल्या आणि मास्तर पुन्हा एकटेच वर.

"या जावईबापू. सामान मागून…"

"खाली या आणि गाडीत बसा."

मेहुण्याला कुणी हुकूम सोडत नसे, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हे त्याला सुचलं नाही. तो पुढच्या सीटवर बसला तशी गाडी डावीकडे झुकली. वळणावर चौघी भेटल्या. त्यांना मागे कोंबून मास्तर थेट पायथ्यापर्यंत उतरले आणि तिथून गाडी पुन्हा वळवली. माणसं सहा, त्यातलं एक शेहेचाळीस कमरेचं. दुसरा गिअर. गाडी सरळ वर गेली आणि गॅलरीखाली थांबली.

मेहुण्याने खिडकीची काच खाली करून पाहिली. मग म्हणाला, "ही काच नीट खाली जात नाही."

मास्तरांना एवढं कौतुक पुष्कळ होतं. मागून आई मात्र पुटपुटली, "आता नावं कुठे ठेवायची?"

जेवणानंतर मेहुण्याने पँटचं कापड पुढे केलं. "कंबर नेमकी घ्या, जावईबापू. उगाच ढगळ नको."

मास्तरांनी माप घेतलं. पानात तिसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी त्याला पाहिलं होतं. त्यांनी मुकाट्याने चार बोटं जास्तीची धरली. इंजिन वाढत नाही, हे त्यांनी मान्य केलं होतं. मेहुण्याबद्दल त्या बाईने तसं काही म्हटलं नव्हतं.